माता, पात्र जोडपे, व्यक्ती: बेंगळुरूच्या स्त्री-आरोग्याची भाषा

स्त्रियांच्या आरोग्याविषयीची सूचना नेमकी कोणाला उद्देशून लिहायची, हा प्रश्न बेंगळुरूत ट्रान्सजेंडर चळवळ उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ‘महिलांसाठी’ लिहायचे, ‘मातांसाठी’, ‘जोडप्यांसाठी’ की ‘गरोदर व्यक्तींसाठी’, यावरचा आजचा वाद परदेशातून आल्यासारखा वाटतो. पण या शहरातल्या रुग्णालयांच्या पाट्या, सरकारी योजनांची नावे आणि परिचारिकांच्या नोंदवह्यांतले रकाने पाहिले, तर गेल्या शंभराहून अधिक वर्षांत हे संबोधन अनेकदा बदललेले दिसते. आणि त्यातून सर्वांत आधी वगळली गेली ती ट्रान्सजेंडर माणसे नव्हेत, अविवाहित आणि मूल नसलेल्या बायका.

सुरुवात पाट्यांपासून करावी लागते, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरक्षर बाईपर्यंत पोहोचणारा आरोग्यसंदेश म्हणजे दवाखान्याचे नाव, तेही कोणाच्या तरी तोंडून ऐकलेले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडाने बायकांवर बाई डॉक्टरनेच उपचार करावेत, हे तत्त्व देशभर नेले. (आनंदीबाई जोशींची कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर नेमणूक झाली ती याच सुमारास. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले आणि ती कागदावरच राहिली.) बेंगळुरूच्या छावणी भागात बाउरिंग रुग्णालयाच्या जोडीला स्त्रिया व मुलांसाठी लेडी कर्झन यांच्या नावाचे रुग्णालय आले. शिवाजीनगरात हाजी सर इस्माइल सेठ यांच्या दानातून गोशा रुग्णालय उभे राहिले. ‘गोषा’ मराठी वाचकाला परका नाही. पडद्यात राहणाऱ्या बाईवर इथे परपुरुषाची नजर पडणार नाही, हे आश्वासन त्या नावातच होते. जुन्या शहराच्या बाजूला, कृष्णराजेंद्र मार्केटजवळ, व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या शेजारी १९३५ मध्ये वाणीविलास रुग्णालय सुरू झाले. १८९५ ते १९०२ या काळात म्हैसूरचा कारभार पाहणाऱ्या राजमाता केंपनंजम्मणी यांच्या ‘वाणीविलास सन्निधान’ या बिरुदावरून हे नाव पडले. आजही शहरातल्या गरीब बाईच्या बाळंतपणाचे ठिकाण म्हणून ते ओळखले जाते.

स्त्रीचे नाव घेऊन बोलणाऱ्या भाषेची बाजू इतिहासात सर्वांत भक्कम दिसते ती इथे. नुसते ‘सार्वजनिक रुग्णालय’ असे लिहिलेल्या इमारतीकडे गोषातल्या बाईने पाहिलेसुद्धा नसते, आणि तिच्या घरच्यांनी तिला तिथे पाठवले नसते. सर्वांना सामावणारा शब्द प्रत्यक्षात पुरुषांचा शब्द होता. स्त्रियांचा वेगळा उल्लेख म्हणजे आत येण्याचे आमंत्रण होते.

वाणीविलास सुरू होण्याआधीच म्हैसूर संस्थानाने एक धाडसी पाऊल टाकले होते. कृष्णराज वडियार चौथे यांच्या कारकिर्दीत, मिर्झा इस्माइल दिवाण असताना, १९३० च्या जून महिन्यात म्हैसूर सरकारने बेंगळुरू आणि म्हैसूर इथल्या सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाचा सल्ला देणारी केंद्रे उघडण्यास मंजुरी दिली. सरकारने चालवलेली जगातली पहिली संततिनियमन केंद्रे म्हणून त्यांचा उल्लेख होतो. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच असे केंद्र स्वतःच्या जबाबदारीवर काढले होते आणि १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. या दोन प्रयत्नांची भाषा मात्र अगदी वेगळी. कर्वे बाईशी बाई म्हणून आणि पुरुषाशी पुरुष म्हणून बोलत. लैंगिक सुख हा दोघांचा हक्क मानत आणि अवयवांची नावे सरळ घेत. त्याची किंमत त्यांनी मोजली: प्राध्यापकाची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्याला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे कारण झाली होती, आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. म्हैसूरच्या केंद्रांवर असे काही ओढवले नाही. ती सरकारी रुग्णालयांच्या आश्रयाला होती आणि त्यांचा विषय मातेची प्रकृती हा होता. ‘माता’ म्हटले की कोणाची हरकत नसते, ही सोय सरकारी भाषेने तेव्हा जी धरली ती आजतागायत सोडलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर संबोधन मातेकडून जोडप्याकडे सरकले. याचे सर्वांत बोलके उदाहरण बेंगळुरूपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या रामनगरम् गावातले. ‘शोले’च्या चित्रीकरणामुळे पुढे हे गाव देशाला माहीत झाले, आणि २०२५ मध्ये त्याच्या जिल्ह्याला ‘बेंगळुरू दक्षिण’ असे नाव देण्याचा निर्णय झाला. केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी होत्या. गर्भनिरोधक साधने त्यांना मान्य नव्हती. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेकडून अमेरिकन डॉक्टर अब्राहम स्टोन यांना बोलावून ‘सुरक्षित काळ’ पाळण्याच्या पद्धतीचा प्रयोग करण्यात आला: एक दिल्लीच्या लोदी कॉलनीत, दुसरा रामनगरम् इथे. दिनदर्शिका वाचता न येणाऱ्या बायकांसाठी रंगीत मण्यांच्या माळा तयार केल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा. एका रंगाचे मणी म्हणजे सुरक्षित दिवस, दुसऱ्या रंगाचे म्हणजे धोक्याचे. मणी सरकवला की काम झाले अशी काहींची समजूत झाली, या हकिकती नंतर लोकसंख्याशास्त्रज्ञांच्या वर्तुळात गमतीने सांगितल्या जात, आणि त्यात हसे बहुधा खेडुत बायकांचेच होई. खरी अडचण माळेच्या रचनेतच होती. पद्धत जोडप्याने पाळायची, पण माळ फक्त बाईच्या हातात. मणी कोणत्या रंगाचा आहे हे तिला ठाऊक असले तरी रात्री ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार मण्यांनी तिला दिला नव्हता. प्रयोग फसला. त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघ आणि भारत सरकार यांनी मिळून म्हैसूर लोकसंख्या अभ्यास केला. त्यात बेंगळुरू शहरही होते, आणि मुलांची संख्या मर्यादित ठेवण्याची इच्छा लोकांत आहे हे त्यातून दिसले. इच्छा होती, माळ चुकीच्या गृहीतकावर ओवलेली होती.

१९६० च्या दशकात ‘कुटुंब’ हा शब्द सगळीकडे पसरला. दीप त्यागी यांच्या कल्पनेतून आलेला लाल त्रिकोण आणि आई-वडील-दोन मुले यांचे चार चेहरे बसपासून भिंतीपर्यंत रंगवले गेले. १९६८ पासून ‘निरोध’ पानाच्या टपरीवर मिळू लागला. कन्नडमध्ये कुटुंब योजने, मराठीत कुटुंबनियोजन: शब्द दोघांना सामावणारा, आणि काही वर्षे व्यवहारही तसाच होता. नसबंदीच्या शिबिरांत पुरुष मोठ्या संख्येने येत. पण आणीबाणीत सक्तीने कहर केला. १९७६-७७ या एका वर्षात देशभर सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांवर. १९७७ मध्ये सरकार पडले. नव्या सरकारने कार्यक्रमाचे नाव बदलून कुटुंबकल्याण केले, आणि पुरुषाला दुखावण्याची हिंमत पुन्हा कोणत्याच सरकारने केली नाही. शब्द ‘कुटुंब’च राहिला, शस्त्रक्रिया मात्र बायकांच्या वाट्याला गेल्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. नवऱ्याने नसबंदी करून घेतल्याचे प्रमाण होते ०.३ टक्के. कर्नाटकात स्त्रियांचा आकडा निम्म्याच्या वर जातो. समावेशक शब्दाने ओझे वाटून जाते, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. उलट ‘कुटुंबा’ने ते ओझे झाकून ठेवले.

याच काळात परिचारिकांच्या हातात एक नोंदवही आली: ‘पात्र जोडपी’. बाई प्रजननक्षम वयाची, विवाहित आणि नवऱ्यासोबत राहणारी असेल तर ती ‘पात्र’. अविवाहित मुलगी, विधवा, परित्यक्ता, लग्नाविना राहणारी, देवदासी प्रथेत अडकलेली यांपैकी कोणाचाही रकाना नाही. तांबी बसवायची तर ‘दोन मुलांत अंतर’ ठेवण्यासाठी. मूलच नको असलेल्या बाईसाठी त्या भाषेत वाक्यच नव्हते. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने कर्नाटकात पहिला लोकसंख्या प्रकल्प आला, नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या झोपडपट्ट्यांसाठी आठवा. महापालिकेची प्रसूतिगृहे सुधारली, वस्तीतल्याच बायकांना दुवा म्हणून नेमले गेले. पण दारावरची पाटी ‘हेरिगे आस्पत्रे’, म्हणजे बाळंतपणाचे रुग्णालय. चाळिशीतल्या बाईने अंगावरून जास्त जाते म्हणून तिथे का जावे, हे पाटी सांगत नव्हती.

१९९४ च्या कैरो इथल्या जागतिक लोकसंख्या परिषदेनंतर ‘प्रजनन आरोग्य’ आले, धोरणाच्या कागदांत ‘माते’ऐवजी ‘स्त्री’ आली. राज्याच्या योजनांना मात्र आई सोडवेना. २००७ च्या ‘मडिलु’ योजनेत सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या बाईला मच्छरदाणी, चादर, साबण, बाळाचे कपडे अशा वस्तूंची पिशवी मिळे. मडिलु म्हणजे ओटी किंवा मांडी. मराठी माणसाला ओटी भरण्याची आठवण व्हावी असेच ते नाव. पुढे ‘तायी भाग्य’ आली, आणि गरोदरपणाची सगळी नोंद ठेवणारे कार्ड ‘तायी कार्ड’ म्हणजे आईचे कार्ड. या नावांनी बायकांना रुग्णालयात आणले, हे मान्य करायला हवे. नोंदणी झाली की आशा सेविका घरी जाते, आणि दारात त्या गरोदर बाईला ‘प्रजननक्षम व्यक्ती’ म्हणून कोणी ओळखत नाही.

आई हा शब्द कधीकधी आरोपही होऊ शकतो, हे एड्सच्या साथीने दाखवले. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही तेव्हा जास्त प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत होते. जगभर ‘मातेकडून बाळाला होणारा संसर्ग’ हा शब्दप्रयोग रूढ होता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००२ च्या सुमारास कार्यक्रम सुरू करताना तो बदलून ‘पालकांकडून बाळाला’ असा केला. जीवशास्त्राच्या दृष्टीने जुना शब्द अचूक होता: विषाणू बाळात जातो तो आईच्या शरीरातूनच. पण तपासणी प्रथम होते ती गरोदर बाईची, आणि ती बाधित निघाली की सासरी ‘हिनेच घरात आणला’ असा ठपका बसतो. नवऱ्याची तपासणी होतच नाही. ‘पालक’ म्हटल्याने नवऱ्याला बोलावण्याची वाट मोकळी झाली. भारतात समावेशक भाषेचा हा बहुधा पहिला जाणीवपूर्वक सरकारी निर्णय, आणि तो लिंगओळखीसाठी नव्हे तर बाईला वाचवण्यासाठी घेतला गेला होता.

लिंगओळखीचा प्रश्न बेंगळुरूत पुढे आला तो ‘संगमा’ या १९९९ मध्ये सुरू झालेल्या संस्थेभोवती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या कर्नाटक शाखेने २००१ मध्ये लैंगिक अल्पसंख्याकांवर आणि २००३ मध्ये शहरातल्या हिजडा व कोथी (बायकी वागणारे पुरुष) समुदायावर होणाऱ्या अत्याचारांचे अहवाल काढले. त्यांत पोलिसांसोबत वैद्यकीय क्षेत्रावरही बोट ठेवले होते. पण एड्सच्या पैशावर चाललेल्या कामात लक्ष मुख्यतः जन्माने पुरुष मानलेल्यांकडे राहिले. जन्माने मुलगी मानलेले, पण पुरुष म्हणून जगणारे लोक कोणत्याच ‘जोखीम गटात’ बसत नव्हते. ‘लेस्बिट’ या बेंगळुरूच्या गटाने ही माणसे एकत्र आणली. मुंबईच्या ‘लेबिया’ या गटाने २०१३ मध्ये अशा लोकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांना ‘जन्माच्या वेळी स्त्री ठरवलेल्या व्यक्ती’ असे म्हटले. लांबलचक शब्दप्रयोग खरा, पण त्यामुळे दवाखान्यातला एक साधा पेच नेमका मांडता आला. दाढी असलेल्या, ओळखपत्रावर ‘पुरुष’ लिहिलेल्या माणसाला गर्भाशयाची गाठ झाली तर तो ‘स्त्रीरोग विभाग’ अशी पाटी असलेल्या दारासमोर बायकांच्या रांगेत उभा कसा राहणार?

कायद्यातही अविवाहित बाईचा आणि लिंगओळखीचा असे दोन प्रवाह एकत्र वाहत आले. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि १९७१ चा गर्भपाताचा कायदा झाला. त्यात गर्भनिरोधक फसल्यास सवलत होती, ती ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांनी वापरले असेल तरच. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. तरीही नियमांच्या आधारे एका अविवाहित तरुणीला परवानगी नाकारली गेली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने विवाहित-अविवाहित भेद अमान्य केला, आणि त्याच निकालात आपण ‘स्त्री’ हा शब्द गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या इतर लिंगओळखीच्या व्यक्तींनाही सामावून वापरत आहोत, असे नमूद केले. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने पुढचे पाऊल टाकून ‘गरोदर व्यक्ती’ हाच शब्द वापरला आणि तळटीपेत त्याचे कारण दिले. कायदा स्वतः मात्र अजून ‘गरोदर स्त्री’ असेच म्हणतो.

भाषांच्या व्याकरणाने या वादात आपापली गंमत केली आहे. कन्नडमध्ये आदरार्थी ‘अवरु’ला लागणारे क्रियापद बाईपुरुष दोघांना चालते, त्यामुळे ‘यावे, तपासून घ्यावे’ अशी सूचना आपोआप तटस्थ होते. अडते ते ‘गर्भिणी’ या नामावर. मराठीत ‘गरोदर’ हे विशेषण बदलत नाही, पण ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी, म्हणून गरोदर व्यक्ती ‘आली’ असेच म्हणावे लागते. इंग्रजीत ज्या शब्दावर रण माजते तो मराठीत येताना स्त्रीचेच रूप घेतो.

तटस्थ भाषेवरचा आक्षेप निव्वळ सनातनी नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ‘द लॅन्सेट’ने मुखपृष्ठावर स्त्रियांऐवजी ‘योनी असलेली शरीरे’ अशा अर्थाचे शब्द छापले आणि संपादकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ‘गर्भाशयमुख असलेल्यांनी’ करावी, असे म्हटले तर हा अवयव आपल्याला आहे हेच ठाऊक नसलेली बाई ते वाक्य सोडून पुढे जाते. बेंगळुरूत हा धोका काल्पनिक नाही. किदवई कर्करोग संस्थेत १९८२ पासून शहरातल्या रुग्णांची नोंद ठेवली जाते, आणि सुरुवातीच्या वर्षांत बायकांमध्ये याच कर्करोगाचा क्रमांक पहिला होता. ‘कंठ’ म्हणजे गळा, त्यामुळे कन्नडमधल्या ‘गर्भकंठ’ या शब्दावर बाई गोंधळली तर नवल नाही. इथे ‘बायकांनो, तिशीनंतर तपासून घ्या’ हे वाक्य जास्त जीव वाचवते, आणि ट्रान्स पुरुषांसाठी वेगळी ओळ जोडता येते. मात्र याच रोगाविरुद्धच्या लशीत गणित उलटते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ मुलगे-मुली दोघांसाठी मंजूर आहे, विषाणू पुरुषांनाही होतो आणि तेही तो पसरवतात; तरी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात उल्लेख झाला तो ९ ते १४ वर्षांच्या मुलींचाच. लस मर्यादित असेल तर आधी मुलींना देणे समजण्यासारखे आहे. पण रोग ‘बायकांचा’ म्हणून मुलग्यांच्या आईबापांना त्याची माहितीच न देणे हा संदेशाचा दोष.

पाळीच्या बाबतीत शहराने एक तिसरी वाटही काढली. डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ओला, सुका आणि घातक असा वेगळा केलेला कचराच उचलण्याचे धोरण बेंगळुरूत बंधनकारक केले. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करायची, म्हणजे कचरा हाताने निवडणाऱ्या पौरकार्मिकाला ते उघडावे लागणार नाही. डायपरलाही तोच नियम. ही सूचना कोणा बाईला उद्देशून नाही, घराला आहे. पुडके बाहेर ठेवणारा नवरा असो वा मुलगा, लाल खूण त्यालाही करता यावी लागते.

शाळांसाठीच्या ‘शुचि’ योजनेत २०१३-१४ पासून किशोरवयीन मुलींना पॅड दिले जात, मध्ये खंड पडून ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नोकरदार स्त्रियांना दरमहा एक, म्हणजे वर्षाला १२ दिवस मासिक पाळीची पगारी रजा मंजूर केली. बिहारने अशी रजा १९९२ मध्येच दिली होती, पण सरकारी नोकरीपुरती. कर्नाटकाने खाजगी आस्थापनाही कक्षेत घेतल्या. नोव्हेंबरच्या आदेशात लाभार्थी म्हणून १८ ते ५२ वर्षांच्या महिला कर्मचारी आहेत, आणि रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जात नाही. प्रमाणपत्र नसल्याने बाईची अडवणूक टळते. पण मग हक्क ठरतो तो कर्मचाऱ्यांच्या नोंदीतल्या लिंग आणि वय या दोन रकान्यांवर: कागदोपत्री पुरुष झालेल्या ट्रान्स कर्मचाऱ्याला पाळी येत असली तरी तो आदेशाबाहेर राहतो, आणि पन्नाशी उलटूनही पाळी न थांबलेली बाई त्रेपन्नाव्या वर्षी बाहेर पडते.